स्टार ३५ गुण करतो, तरी टीम हरते: पुन्हा पुन्हा उलटणारा बिघाड नेमका कुठे शोधायचा

लक्षणं बहुतेक बास्केटबॉल टीममध्ये सारखीच दिसतात. एक खेळाडू बाकीच्यांपेक्षा दोन पायऱ्या वर असतो. कमकुवत टीमसमोर तो तीस-पस्तीस गुण करतो, सामना आरामात निघतो आणि कुणाला काही खटकत नाही. बरोबरीची टीम समोर आली की त्याचे गुण तेवढेच राहतात, पण बाकी चौघांचे निम्म्यावर येतात. चौथ्या क्वार्टरला चार जण उभे राहून एकाकडे बघत असतात. टाइमआउटला कोच ओरडतो, "चेंडू फिरवा रे!" पुढच्या दोन चढायांत (चेंडू ताब्यात आल्यावरचा एकेक हल्ला म्हणजे चढाई) पाच-पाच पास होतात आणि तिसऱ्या चढाईपासून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग "केमिस्ट्री बिघडली" असं निदान होतं, बैठक बसते, सगळे एकमेकांना सांभाळून घ्यायचं कबूल करतात. तीन सामने बरे जातात आणि बिघाड परत हजर होतो.

तो परत येतो, कारण औषध मनाला दिलेलं असतं आणि दुखणं असतं घड्याळात आणि मैदानावरच्या जागांत. चेंडू कुणाला किती वेळा मिळतो यापेक्षा तो कधी आणि कुठे मिळतो, इथे गाडी अडते. हे मोजता येतं आणि बऱ्याच प्रमाणात दुरुस्तही करता येतं. खालचे आकडे फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांप्रमाणे आहेत: १० मिनिटांचे चार क्वार्टर, २४ सेकंदांचा शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट घ्यायलाच हवा. मुलींच्या टीमलाही यातलं सगळं जसंच्या तसं लागू आहे.

आधी खात्री करा की बिघाड हाच आहे

केमिस्ट्रीच्या नावावर दोन भलत्याच गोष्टी खपवल्या जातात.

पहिली म्हणजे निव्वळ शॉट न पडणं. कॉर्नरमधल्या मोकळ्या खेळाडूला क्लॉकवर ८ किंवा जास्त सेकंद असताना, छातीच्या उंचीवर पास मिळतोय आणि तरी शॉट चुकतोय, तर तो शूटिंगचा प्रश्न आहे. स्टारला समजावून त्यात फरक पडणार नाही, त्या खेळाडूला शॉटचा सराव वाढवून द्या. पास ४ सेकंद उरले असताना, गुडघ्याजवळ, बचावपटू अंगावर धावून येत असताना मिळत असेल, तर मात्र पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

दुसरी म्हणजे "तो बेंचवर बसला की आपण छान खेळतो" हे वाक्य. ते खरंही असू शकतं, पण एक-दोन सामन्यांवरून ठरवू नका. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या ईस्टर्न कॉन्फरन्सच्या (पूर्व गटाच्या) फायनलमध्ये स्टार सेंटर पॅट्रिक युइंग जखमी होऊन बाहेर गेला, तरी आठव्या मानांकनाच्या न्यूयॉर्क निक्सने इंडियाना पेसर्सविरुद्धची मालिका ४-२ अशी जिंकली. पुढे लीगच्या फायनलला समोर टिम डंकन आणि डेव्हिड रॉबिन्सन आले आणि सॅन अँटोनियो स्पर्सने निक्सला ४-१ ने हरवलं. स्टार नसताना चेंडू मोकळा फिरतो हे खरं, पण अवघड शॉट घ्यायची वेळ आली की तो घेणारा कुणी नसतो. शिवाय तुमचा स्टार बसतो तेव्हा बऱ्याचदा समोरच्या टीमचेही राखीव खेळाडू मैदानात असतात. म्हणून समोरचे मुख्य पाच, निदान चार, मैदानात असतानाचीच मिनिटं धरा.

मोजणी: वही, व्हिडिओ आणि तीन सामने

जवळपास बरोबरीच्या टीमविरुद्धचे तीन सामने घ्या. मोठ्या फरकाने जिंकलेला किंवा हरलेला सामना उपयोगाचा नाही. फास्ट ब्रेक (बचाव जमायच्या आधीचा धावता हल्ला) वगळा, फक्त हाफ-कोर्टमधल्या, म्हणजे बचाव जागेवर आल्यानंतरच्या चढाया बघा. एकाने व्हिडिओ थांबवत सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. प्रत्येक चढाईसाठी चार रकाने पुरतात: चेंडूने हाफ लाइन ओलांडली तेव्हा क्लॉकवर किती होते, पुढच्या कोर्टात पहिला पास सुटला तेव्हा किती होते, चेंडू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला का, आणि चढाई कुणी, कशी संपवली. क्लॉक दिसत नसेल तर चेंडू ताब्यात आल्यापासून व्हिडिओच्या टायमरवर मोजा. आक्रमक रिबाउंडनंतर (आपलाच चुकलेला शॉट आपण पकडल्यावर) क्लॉक १४ वर येतो, त्यामुळे ती चढाई वेगळ्या ओळीत लिहा.

पहिल्या दोन रकान्यांतला फरक हा या मोजणीतला सगळ्यात बोलका आकडा. मागच्या कोर्टातून बाहेर पडायला नियमाने ८ सेकंद मिळतात आणि निवांत चालणाऱ्या टीमच्या हातात पुढे आल्यावर १७-१८ सेकंद उरतात. त्यातले ९-१० स्टारच्या ड्रिबलमध्ये गेले, तर बाकीच्यांच्या वाट्याला चढाई उरतच नाही, उरतो तो फक्त शेवटचा भाग.

आता युसेज. म्हणजे खेळाडू मैदानात असताना टीमच्या किती टक्के चढाया त्याच्या हातून संपल्या. शॉट, फ्री थ्रो आणि टर्नओव्हर (चेंडू गमावणं) हे तीनच प्रकार त्यात धरतात. फ्री थ्रोंना ०.४४ ने गुणायचं, कारण प्रत्येक फ्री थ्रोने चढाई संपत नाही. समजा स्टारचे शॉट २०, फ्री थ्रो ८, टर्नओव्हर ४. बेरीज २० + ३.५२ + ४ = २७.५२. टीमचे शॉट ६२, फ्री थ्रो १८, टर्नओव्हर १४, म्हणजे ८३.९२. सरळ भागलं तर ३२.८ टक्के येतात आणि "ठीक आहे की" असं वाटतं. पण तो ४० पैकी ३२ मिनिटंच खेळला असेल, तर २७.५२ ला ४०/३२ म्हणजे १.२५ ने गुणून मग भागायचं. उत्तर येतं ४१ टक्के.

पाच जणांत समान वाटणी झाली तर प्रत्येकाच्या वाट्याला २० टक्के येतात. ४१ हा आकडा किती मोठा, याचा अंदाज यावा म्हणून: २०१६-१७ च्या हंगामात ओक्लाहोमा सिटीच्या रसेल वेस्टब्रुकचं युसेज ४१.७ टक्के होतं. त्याने ४२ ट्रिपल-डबल (एकाच सामन्यात तीन प्रकारांत दोन आकडी कामगिरी) केले, सरासरी ३१.६ गुण काढले, एमव्हीपी म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही झाला. टीमने ४७ सामने जिंकले आणि प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत ह्यूस्टनकडून १-४ अशी हरली.

म्हणजे युसेज वाढलं की टीम हरतेच का? तसं नाही. शेवटच्या काही शॉटना किंमत किती, हे बघावं लागतं. समजा स्टारने एका सामन्यात १५ चढाया संपवल्या तर प्रति चढाई १.१ गुण येतात आणि २५ संपवल्या तर सरासरी ०.९८ वर उतरते. वरवर पाहता ०.९८ वाईट नाही, कारण कॉर्नरवाला मोकळा तीन गुणांचा शॉट ३३ टक्क्यांनी मारतो, म्हणजे ०.९९. बरोबरीच झाली. पण हिशेब नीट करा: १५ चढायांत १६.५ गुण, २५ चढायांत २४.५. वाढीव १० चढायांतून आले फक्त ८, म्हणजे प्रत्येकी ०.८. जास्तीच्या प्रत्येक चढाईला जवळजवळ ०.२ गुण हातचे गेले आणि सरासरीत ते दिसलेच नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन स्किनर यांनी २०१० मध्ये हाच मुद्दा रस्त्यावरच्या रहदारीच्या गणिताने मांडला होता. जो तो सगळ्यात जवळच्या रस्त्याने गेला की तोच रस्ता तुंबतो आणि सगळ्यांनाच उशीर होतो. तुमचा स्टार हा तो जवळचा रस्ता.

स्टारशी बोलताना हा हिशेब कामाला येतो. "तू स्वार्थी आहेस" हे ऐकून कुणी सुधारत नाही. "तुझे शेवटचे दहा शॉट ०.८ चे आहेत, पहिले पंधरा १.१ चे" हे त्याला लगेच कळतं, कारण त्यात त्याचं कौतुकही आहे.

चेंडू हातात ठेवून खेळणारा स्टार

हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून इथे थोडं थांबू. एक चढाई सेकंदासेकंदाने पाहा.

क्लॉकवर १८. स्टार हाफ लाइन ओलांडतो. १६ ला उजव्या विंगवर (रिंगच्या एका बाजूला, तीन गुणांच्या रेषेजवळ) थांबून समोरच्याला जोखतो, पायांमधून दोन ड्रिबल. १३ ला सेंटर स्क्रीन द्यायला (बचावपटूची वाट अंगाने अडवायला) येतो, स्टार हातानेच त्याला परत पाठवतो. १० ला रिंगकडे पहिली धडक, वाट बंद, पुन्हा मागे. आता नजर डाव्या कॉर्नरकडे न्या. तिथल्या खेळाडूच्या टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे सरळ, हात कमरेवर. त्याच्यावरच्या बचावपटूला हे पाठ झालंय, म्हणून त्याचा एक पाय आधीच पेंटमध्ये (रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनात) आहे. ७ ला दुसरी धडक. दोघं अंगावर येतात, स्टार उडी मारतो आणि हवेतून चेंडू कॉर्नरला फेकतो. ४. चेंडू गुडघ्याखाली येतो. खेळाडू वाकतो, उचलतो, पाय जुळवतो. २ ला शॉट, रिमच्या पुढच्या कडेवर. स्टार दोन्ही हात पसरून बेंचकडे बघतो. स्कोअरशीटवर चुकलेला शॉट मात्र कॉर्नरवाल्याच्या नावावर लागतो.

तो शॉट १३ ला चुकला, स्क्रीन परत पाठवली तेव्हा. तिथून कॉर्नरवाल्याला कळलं की आता नऊ-दहा सेकंद आपलं काम नाही. अशा दहा चढायांनंतर त्याचे पाय थंड पडतात, अकराव्या वेळी पास चांगला आला तरी तो दचकतो, आणि स्टारच्या मनात "याला देऊन उपयोग नाही" हे पक्कं होतं. दोघांकडेही आपापल्या बाजूचा पुरावा असतो, म्हणून भांडण मिटत नाही.

दुरुस्ती चढाईच्या सुरुवातीला करायची, शेवटी नाही. दर तीन चढायांपैकी एक तरी स्टारच्या हातात चेंडू नसताना सुरू करा. दुसरा गार्ड चेंडू वर आणेल, स्टार उलट्या बाजूच्या एल्बोवर (फ्री थ्रो लाइनच्या टोकाला) किंवा कॉर्नरमध्ये उभा राहील. चेंडू एका बाजूला जाऊन परत फिरताना, क्लॉकवर १४ ते १२ असताना, स्टारला मिळाला पाहिजे. तोवर बचाव सरकलेला असतो आणि त्याला एकाच माणसाला चकवायचं असतं. बहुतेक स्टारना हे आवडतं, फक्त कुणी करून दाखवलेलं नसतं.

दुसरं, स्टारला स्क्रीन लावायला शिकवा. त्याच्यावरचा बचावपटू त्याला सोडून मदतीला जायला घाबरतो, त्यामुळे स्टारने शूटरला लावलेली साधी स्क्रीनसुद्धा दोघांपैकी एकाला मोकळं करते. यात चूक एकच होते. स्टार स्क्रीन "लावल्यासारखी" करतो आणि दोन पावलं आधीच चेंडू मागायला वळतो. शूटरचा खांदा त्याच्या कंबरेला घासून गेला पाहिजे, मगच वळायचं. सरावात दोन्ही बाजूंनी १५-१५ वेळा हे करून घ्या आणि घाईने वळला की ती पाळी मोजू नका.

तिसरं, चेंडू हातात आल्यावर अर्ध्या सेकंदात ठरवायचं: शॉट, धडक की पास. स्पर्समध्ये कोच ग्रेग पोपोविच यांनी हीच शिस्त लावली होती. २०१३-१४ च्या नियमित हंगामात त्यांच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांवर गेली नाही, टीमने ६२ सामने जिंकले आणि फायनलला मायामीला ४-१ ने हरवलं. सरावात हे आणायला नुसतं तोंडी सांगून भागत नाही. पाच विरुद्ध पाच, क्लॉक १४ चा, स्टारला चेंडू मिळाल्यावर जास्तीत जास्त २ ड्रिबल, आणि चेंडू दोन्ही बाजूंना गेल्याशिवाय केलेला बास्केट मोजायचा नाही. ६ मिनिटांचे दोन डाव. पहिल्या दिवशी टर्नओव्हर वाढतील, घाबरू नका. चौथ्या-पाचव्या सरावालाही तेवढेच असतील तर ड्रिबलची मर्यादा ३ करा.

आणि बाकी चौघं? त्यांचं उभं राहणं ही अर्धी चूक त्यांची आहे. त्यांना खूण द्या: स्टारचा खांदा बचावपटूच्या पुढे गेला की हलायचं, त्याआधी टाचा वर आणि हात समोर. तो मधून घुसला तर त्याच्या मागचा विंगवाला त्याच्या पाठोपाठ सरकतो, म्हणजे परतीचा पास मिळतो. बेसलाइनने (रिंगमागच्या सीमारेषेलगत) घुसला तर समोरच्या कॉर्नरमध्ये एक जण असलाच पाहिजे आणि टॉपवरचा (रिंगच्या बरोबर समोर, लांब उभा असलेला) त्या बाजूच्या विंगकडे उतरतो. सेंटरने रिंगखाली उलट्या बाजूला थांबायचं, स्टारच्या वाटेत नाही. कॉर्नरवाल्याचं "मी तर मोकळा होतो" हे म्हणणं व्हिडिओवर बऱ्याचदा खोटं ठरतं. तो मोकळा असतो, पण बचावपटूच्या पाठीमागे लपलेला, जिथे पास जाऊच शकत नाही.

एक इशारा. पास मोजणं हे ध्येय करू नका. गोल्डन स्टेट वॉरियर्स २०१३-१४ मध्ये प्रति सामना पासांत लीगमध्ये तळाला होते. स्टीव्ह कर २०१४ मध्ये कोच म्हणून आले, त्यांनी सामन्याला ३०० पासांचं लक्ष्य ठेवलं, आणि पहिल्याच हंगामात ६७ विजय आणि विजेतेपद आलं. पण त्या पासांच्या जोडीला स्टीफन करी चेंडूशिवाय सतत धावत होता आणि स्क्रीन लावत होता. नुसतं गोल गोल पास फिरवून कुणी पेंटमध्ये शिरलंच नाही, तर बचावाला विश्रांती मिळते आणि ५ सेकंद उरले की चेंडू परत स्टारकडेच येतो.

पोस्टमध्ये खेळणारा स्टार

इथे ड्रिबलचा प्रश्न कमी, गर्दीचा जास्त. चेंडू लो पोस्टमध्ये (रिंगच्या अगदी जवळ, पेंटच्या कडेला) गेला की पास देणारा तिथेच उभा राहतो आणि त्याचाच बचावपटू दोन पावलांत डबल टीमला (दोघांनी मिळून एकाला घेरायला) पोहोचतो. पास देणाऱ्याने जागेवर राहायचंच नाही. एकतर रिंगकडे कट, नाहीतर कॉर्नरला. कट बचावपटूच्या पुढून आणि पूर्ण करायचा, अर्ध्यात थांबून पेंटमध्ये रेंगाळलं की ३ सेकंदांचा नियमभंग आणि वर गर्दी. बाकीच्यांत चार-साडेचार मीटर अंतर राहू द्या. त्यापेक्षा कमी असेल तर एकच बचावपटू दोघांना सांभाळतो.

स्टारला डबल टीम कुठून येते ते आधीच सांगून ठेवा. बेसलाइनकडून आली तर पास टॉपला, टॉपकडून आली तर उलट्या कॉर्नरला. त्याने एक ड्रिबल टाकून मग बघायची सवय लावली असेल, तर ती मोडायला वेळ लागतो. चेंडू हनुवटीखाली धरून आधी खांद्यावरून बघायचं, मग ड्रिबल.

शूटर आणि पासर: दुखणं वेगळं

धावत राहणाऱ्या शूटरच्या टीममध्ये "चेंडू मिळत नाही" ही तक्रार कमी, "मी नुसता खांब झालोय" ही जास्त. सेंटर आणि फॉरवर्ड सामनाभर स्क्रीन लावतात आणि एकही शॉट घेत नाहीत. उपाय सोपा आहे: दर चार-पाच स्क्रीनमागे एकदा स्क्रीन लावायच्या आधीच रिंगकडे निसटायचं. शूटरच्या मागे दोघं धावत असतात, त्यामुळे तो पास बहुतेक वेळा मोकळा असतो. मुद्दाम ही चाल पहिल्या क्वार्टरलाच दोनदा खेळवा.

पासर स्टारच्या टीममध्ये सगळे खूश असतात, तो मैदानात असेपर्यंत. निकोला योकिचसारखा सेंटर एल्बोवर उभा राहून सगळ्यांना खायला घालतो, आणि तो बसला की बाकीच्यांना चेंडू कुठे न्यायचा तेच कळत नाही. अशा टीममध्ये केमिस्ट्रीची परीक्षा बेंचवाल्या मिनिटांत होते. त्या मिनिटांसाठी वेगळ्या, सोप्या दोनच चाली ठेवा. स्टारच्याच चाली दुसऱ्याकडून करून घेऊ नका, तो पास त्याला दिसणार नाही.

बचावात साठणारी खुन्नस

बहुतेक कोच आक्रमणातच उत्तर शोधतात. पण चेंडू मिळाला नाही म्हणून आलेला राग माणूस गिळतो. दुसऱ्याच्या वाटचं धावणं मात्र तो विसरत नाही. व्हिडिओवर स्टारच्या प्रत्येक चुकलेल्या शॉटनंतरचे पुढचे ४ सेकंद बघा. तो रेफ्रीकडे हात करून उभा आहे का? त्याचा खेळाडू पुढे एकटा धावतोय का? त्याला अडवायला कोण जातंय, आणि त्या नादात फाउल कुणाच्या नावावर लागतोय? पाच फाउलांवर खेळाडू बाहेर जातो. स्टारची चूक झाकताना मिळालेले दोन फाउल म्हणजे तुमच्या सेंटरचा अर्धा सामना.

स्टारला बचावात विश्रांती द्यायला हरकत नाही. त्याला समोरच्या टीमचा सगळ्यात कमी धोक्याचा खेळाडू द्या, हे सगळ्यांसमोर उघड सांगा आणि बदल्यात तीन गोष्टी मागा: चेंडू गेला की पहिली तीन पावलं पूर्ण वेगाने मागे, शॉट उडाला की आपल्या माणसाला अंगाने अडवणं, आणि आपला माणूस निसटला तर तोंडाने ओरडून सांगणं. या तिन्हींत कौशल्य लागत नाही, म्हणून सबबही चालत नाही. सामन्यागणिक त्या मोजा आणि आकडा फक्त त्यालाच दाखवा.

हात पसरण्याचंही असंच. चुकलेल्या शॉटनंतर स्टारने केलेला एक हावभाव पुढच्या पाच चढायांत पास घेणाऱ्याचे हात आखडवतो. यावर सगळ्यांसमोर बोलू नका. एकट्याला बसवून सहा क्लिप दाखवा, त्यातल्या तीन चांगल्या. सहापेक्षा जास्त दाखवल्या की तो स्वतःचा बचाव करायला लागतो.

बिघाड परत का येतो: शेवटची पाच मिनिटं

सरावात आणि पहिल्या तीन क्वार्टरला सगळं जमतं, पण फरक ४ गुणांचा झाला की कोच स्वतःच चेंडू स्टारच्या हातात देऊन बाकीच्यांना बाजूला करतो. चौघांनी त्यातून घेतलेला अर्थ असा: फिरवाफिरवी हा सोपा असतानाचा खेळ, खरा खेळ हाच. पुढच्या सामन्यात ते पहिल्या क्वार्टरपासूनच थांबतात.

त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांसाठी तीन चाली आधीच ठरवा. तिन्हींत स्टार असेल, पण दोन चालींत तो आधी स्क्रीन लावेल किंवा डबल टीम ओढून घेईल. दर सरावाच्या शेवटी थकलेल्या पायांनी ५ मिनिटांचा डाव खेळवा, ४ गुणांनी मागे असल्यापासून सुरुवात करून. दुसऱ्या सत्रात तीन टाइमआउट असतात आणि चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्यातले दोनच वापरता येतात, हेही त्यात पाळा.

डबल टीमसाठी वेगळा सराव: दोघांनी स्टारला अडकवायचं, उरलेले चार विरुद्ध तीन. स्टारने पास मधल्या माणसाला द्यायचा, फ्री थ्रो लाइनच्या आसपास. त्या माणसाने चेंडू खाली न टाकता लगेच कॉर्नर किंवा रिंग निवडायची. दोन्ही बाजूंनी १०-१०. मधल्या जागी तुमचा सगळ्यात शांत डोक्याचा खेळाडू ठेवा, सगळ्यात उंच नाही.

मायकेल जॉर्डनने १९८६-८७ मध्ये सरासरी ३७.१ गुण केले, शिकागो बुल्स ४०-४२ वर राहिली आणि बॉस्टनने पहिल्या फेरीत तिला ३-० ने घरी पाठवलं. १९८९ मध्ये फिल जॅक्सन मुख्य कोच झाले आणि टेक्स विंटर यांची ट्रायँगल पद्धत (खेळाडू त्रिकोणात उभे राहून चेंडू फिरवण्याची) रुजली. १९९०-९१ मध्ये जॉर्डनची सरासरी ३१.५ आणि विजेतेपद. त्या फायनलच्या पाचव्या सामन्यात शेवटच्या चार मिनिटांत जॉन पॅक्सनने १० गुण केले, कारण बचाव जॉर्डनवर कोसळत होता आणि चेंडू वेळेवर सुटत होता. १९९७ च्या फायनलच्या सहाव्या सामन्यात ८६-८६ असताना, ५ सेकंद उरले असताना शॉट पडला तोही जॉर्डनच्या पासवर. मारणारा होता स्टीव्ह कर, पुढे वॉरियर्सला पास करायला लावणारा तोच.

कधी बसवायचं

स्टारला पहिल्या क्वार्टरची शेवटची २ मिनिटं आणि दुसऱ्याची पहिली अडीच बाहेर ठेवा. मधला २ मिनिटांचा ब्रेक धरून त्याला साडेसहा मिनिटं विश्रांती मिळते आणि घड्याळाची साडेचारच जातात. तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरला तेच. ४० पैकी ३१ मिनिटं तो खेळतो. या काळात दुसरा चेंडू हाताळणारा नक्की मैदानात हवा. दोघांना एकत्र बसवणं ही नेहमीची चूक, आणि मग "तो नसला की कोसळतो" हा पुरावा आपणच तयार करतो.

दोन आठवड्यांनी पुन्हा वही उघडा

आठवड्याला तीन सराव धरले तर सहा सरावांनंतर पुन्हा तीन सामने मोजा. हाफ लाइन ते पहिला पास हे अंतर ९-१० सेकंदांवरून ५-६ वर यायला हवं. कॉर्नरला पास ७ पेक्षा जास्त सेकंद असताना किती वेळा मिळाला, तो आकडा वाढायला हवा. स्टारचं युसेज मात्र दोन-चार टक्क्यांनीच उतरेल आणि तेवढं पुरे. ते २०-२२ वर आणायचा अट्टाहास केला तर टीमचा सगळ्यात चांगला शॉटच तुम्ही कमी करून बसाल.

युसेज उतरलं पण पहिल्या पासचं अंतर तेवढंच राहिलं, तर स्टार फक्त शॉट घेणं टाळतोय, चेंडू अजून त्याच्याच हातात अडकलाय. अंतर कमी झालं पण कॉर्नरचे शॉट तसेच उशिराचे, तर चेंडू दुसऱ्या बाजूला जाऊन तिथे कुणाकडे तरी थांबतोय. तो कोण, ते चौथ्या रकान्यात दिसेल.

दोन्ही आकडे हललेच नाहीत, तर स्टारऐवजी त्याच्या शेजारचा माणूस बदलून पाहा. २०००-०१ मध्ये फिलाडेल्फियात अ‍ॅलन आयव्हर्सन सरासरी ३१.१ गुण करत होता. कोच लॅरी ब्राउन यांनी त्याला पॉइंट गार्डच्या (चेंडू वर आणून खेळ रचणाऱ्याच्या) जागेवरून आधीच हलवलं होतं. चेंडू वर आणायला एरिक स्नो, बचावाला अ‍ॅरन मकी आणि हंगामाच्या मध्यात आणलेला डिकेम्बे मुटोम्बो, म्हणजे ज्यांना शॉट कमी मिळाले तरी खेळ बिघडत नाही असे लोक. टीम ५६ सामने जिंकून फायनलला गेली. तोच आयव्हर्सन पुढे डेन्व्हरला कार्मेलो अँथनीच्या जोडीला आला. दोघांनाही चेंडू हातात लागायचा. २००७-०८ मध्ये ५० विजय आले, पण पहिल्या फेरीत लेकर्सने ४-० ने उडवलं. नोव्हेंबर २००८ मध्ये त्याच्या जागी चॉन्सी बिलप्स आला, चेंडू लवकर सोडणारा. त्या हंगामात ५४ विजय आणि कॉन्फरन्स फायनल. अँथनी दोन्ही हंगामांत तिथेच होता.